मुकी गोळी

ट्रेंटनं गाडीतून सामान उतरवायला घेतलं तेव्हा व्हर्ना क्रेप्स ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिचे वाटाणे संपले तरी त्याचं सामान संपेना. घडीचं टेबल, घडीची खुर्ची, छत्री, बंदूक टेकवायला वाळूच्या उशा, तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण, वारा मोजायचं यंत्र, अंतर मोजायचं यंत्र. अंगावर पाल्यापाचोळ्याची नक्षी छापलेले कपडे, आणि त्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

"नवरदेव आलाय, वरात मागून येतेय वाटतं," व्हर्ना म्हणाली.

"काकू, तीनशे वारांवरून नेम धरायचा म्हणजे तयारी लागते. आता पूर्वीसारखं राहिलं नाही."

"नाही बाबा, पूर्वीसारखं काहीच राहिलं नाही. पूर्वी तुझा काका एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात पुदिन्याच्या चहाची बाटली घेऊन टेकडीवर जायचा. छत्री न्यायचं त्याला कधी सुचलंच नाही."

ट्रेंट हसला. टोमणा आपल्याला आहे हे कळायला त्याला नेहमीच वेळ लागे, आणि बहुधा तो कळायच्या आतच दुसऱ्या कामाला लागलेला असे.

हा व्हर्नाच्या नवऱ्याच्या, एल्वुडच्या, धाकट्या भावाचा मुलगा. शहरात गालिचे विकायचा. व्हर्नाच्या मनात तो कायमचा बसला होता तो एल्वुडच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणापासून. चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडलेली, बायका हॅम आणि बटाट्याची कोशिंबीर वाढताहेत, आणि हा हातात भरलेली बशी घेऊन तिच्याशेजारी येऊन विचारतो, "काकू, रायफलचं काय ठरवलंत?" अजून कबरीवरची माती ओली होती. त्यानंतर तीन हिवाळे गेले, पण ती बशी व्हर्ना विसरली नव्हती. बशीत लोणच्याच्या दोन फोडी होत्या, हेसुद्धा तिला आठवत होतं.

आणि आता त्याच ट्रेंटला तिनं फोन करून बोलावलं होतं, कारण दुसरा इलाज नव्हता. वरच्या गवताच्या रानात शिट्टीडुकरं माजली होती. कागदोपत्री या जनावराला ग्राउंडहॉग म्हणतात, पण पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात कागदोपत्री कोण बोलतं? दिसायला घुशीचा थोरला भाऊ, वजनाला चांगल्या पोसलेल्या बोक्याच्या दीडपट, आणि चाहूल लागली की मागच्या पायांवर उभं राहून शिट्टी मारणार. खाण्याचं नुकसान परवडलं, पण त्यांची बिळं! गेल्या उन्हाळ्यात शेजारचा योस्ट पीची तिचं गवत कापत होता. आमिश पंथाचा माणूस, धर्माच्या नियमानं ट्रॅक्टर वापरत नाही, यंत्राला घोडे जुंपतो. त्याच्या घोडीचा पाय बिळात गेला आणि मोडला. घोडीला तिथंच मारावं लागलं. योस्ट रागावला नाही, ओरडला नाही. टोपी हातात घेऊन एवढंच म्हणाला, "बिळं रिकामी झाली की सांगा, व्हर्ना. तोवर मी वरच्या रानात घोडे घालणार नाही."

गवत कापलं नाही तर दोन वर्षांत रानभर काटेरी झुडपं माजणार. मग जमीन विकण्यावाचून गत नाही, आणि सुट्टीतली घरं बांधणारे आत्तापासून फाटकाशी गाड्या थांबवून टेकडीचे फोटो काढत होते. व्हर्ना स्वतः एके काळी चांगली नेमबाज होती, पण आता एका डोळ्यात मोतीबिंदू आणि उजव्या खांद्यात डॉक्टरांनी बसवलेला लोखंडाचा तुकडा. म्हणून तिनं ट्रेंटला शब्द दिला होता: रान साफ कर, काकाची रायफल तुझी.

"पण गोळ्या मी निवडणार," ट्रेंट म्हणाला होता.

"निवड की. तुझे हात, तुझे पैसे."

गोळ्या निवडायला शुक्रवारी दोघं गावात लामारच्या दुकानात गेली. पुढं बंदुका, मागं गळाला लावायचे किडे, आणि मध्ये काउंटरवर बिटाच्या रसात मुरवलेल्या अंड्यांची बरणी. लामार व्हर्नाच्या बरोबरीचा. ट्रेंटच्या कपड्यांकडे त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि व्हर्नाला विचारलं, "झुडूप विकत घेतलंस का?"

"पुतण्या आहे. हलतं झुडूप आहे."

ट्रेंटनं ते कानाआड केलं. "मला जड गोळी हवी. लांब, टोकदार. नवी आलीय ती."

"कशासाठी? रानरेडा मारायचाय?"

"शिट्टीडुक्कर."

"त्या बिचाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"त्याचं नाही, योस्टचं मारलंय," व्हर्ना म्हणाली, आणि ती आणि लामार दोघंही अशी हसली की लामारला डोळे पुसावे लागले. ट्रेंट फोनवर आकडे काढत उभा होता.

मग त्यानं लामारला शिकवायला सुरुवात केली. हलकी गोळी वेगानं जाते, कबूल. पण एवढ्या अंतरावर तिला वारा वीतभर बाजूला ढकलतो. जड गोळी वाऱ्याला कापत जाते. आपण सगळा हिशेब मांडलाय. हवेचा दाब, उंची, दमटपणा, सगळं. लामार चाळीस वर्षं गोळ्या विकत होता. तो हाताची घडी घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "खालच्या फळीवर हलक्या आहेत बघ. इथली माणसं त्याच नेतात."

ट्रेंटनं वाकून पाहिलं. खोक्यांवर धूळ होती, किंमतही किरकोळ होती. "या? या पोरासोरांच्या."

"एल्वुड मग जन्मभर पोरच राहिला म्हणायचा," लामार म्हणाला. "बरं, रायफल कुठली आहे?"

"काकांचीच."

लामारचा हात जड गोळ्यांच्या खोक्यावर होता तो तिथंच थांबला. त्या रायफलची नळी त्याच्याच वडिलांनी कातली होती. नळीच्या आत आटे असतात, त्यांतून गोळी गरगर फिरत बाहेर पडते आणि फिरते म्हणूनच सरळ जाते. आखूड, हलक्या गोळीला थोडा पीळ पुरतो. लांब गोळीला जास्त लागतो, नाहीतर वेग संपत आलेल्या भोवऱ्यासारखी ती डुलायला लागते आणि आडवी होऊन जाते. एल्वुडच्या नळीचा पीळ जुन्या पद्धतीचा, अगदी सैल. हे लामारला माहीत होतं, व्हर्नालाही माहीत होतं. ज्याला हवा, पाणी, वारा सगळं ठाऊक होतं, त्यानं हातातली बंदूक तेवढी बघितली नव्हती.

लामारनं तोंड उघडलं आणि व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नानं बरणीतलं एक लाल अंडं काढलं, त्याचा एक घास घेतला, आणि मान अगदी थोडी हलवली. नको.

"गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा," लामार म्हणाला आणि त्यानं खोकं पुढं सरकवलं.

परत येताना ट्रेंट बोलत होता आणि व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती. पूर्वीचे हिवाळे तिला आठवत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड पसरून एल्वुड काडतुसं भरायचा. ती नरसाळं धरायची आणि तो इवल्याशा तराजूत दारू तोलायचा. त्या घरात दारू आली ती एवढीच, आणि तीही सांडली तर व्हर्ना झाडून गुलाबाच्या मुळाशी घालायची. एल्वुडची भाषा त्याची स्वतःची होती. गोळ्या दोन जातींच्या, म्हणायचा, गाणाऱ्या आणि मुक्या. जड गोळी दगडावर आपटली की उसळते आणि ऊं ऊं करत गात जाते, कुणाच्या अंगणात जाईल ते तिलाही माहीत नसतं. पातळ कवचाची हलकी गोळी मातीला लागली की तिचा तिथंच भुगा होतो. "जिथं प्रत्येक टेकडीमागं कुणाचं तरी घर आहे तिथं गोळी मुकीच हवी," म्हणायचा. हलक्या गोळीला वारा ढकलतो हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? त्यावर त्याचा उपाय होता वारा पडेपर्यंत थांबायचं. थांबणं त्याला छान जमायचं. व्हर्नाशी लग्नाचं विचारायलासुद्धा तो दोन उन्हाळे थांबला होता.

शनिवारी सकाळी ट्रेंटनं कोठाराच्या भिंतीशी मातीच्या ढिगाऱ्यावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं आणि जवळून दोन गोळ्या मारून बघितल्या. गोळीचं भोक गोल पडतं. खोक्यावरची भोकं कुलपाच्या भोकासारखी होती, एका बाजूनं गोल आणि दुसऱ्या बाजूनं लांबट फाटलेली. गोळ्या आडव्या लागल्या होत्या. व्हर्नानं भोकात बोट घालून पाहिलं. एल्वुड गेल्यापासून कशानंच तिला इतकं सुख दिलं नव्हतं.

"पुठ्ठा दमट आहे," ट्रेंट म्हणाला.

"असेल बाबा. पुठ्ठ्याचा काय भरवसा!"

आणि ती चहाचा तांब्या घेऊन त्याच्यामागं टेकडीवर गेली, तमाशा बघायला.

समोरच्या उतारावर एक जुनं, पोट सुटलेलं शिट्टीडुक्कर बिळाच्या तोंडाशी उन्हाला बसलं होतं. ट्रेंटनं टेबल मांडलं, छत्री उघडली, यंत्रं बघितली, दुर्बिणीची चाकं फिरवली. पहिली गोळी गेली. शिट्टीडुकरानं मान वळवून बघितलं. दुसरी गेली. ते दोन पायांवर उभं राहिलं.

"टाळ्या वाजवायला उठलंय," व्हर्ना म्हणाली.

"काकू, प्लीज! वारा बदलतोय."

तिसरी गोळी उतारावरच्या दगडावर बसली आणि गायला लागली. ऊंऽऽऽ करत ती वर चढली, कुंपणावरून पलीकडं गेली. व्हर्नाच्या हातातला पेला तोंडाशीच राहिला. मग टेकडीमागून, योस्टच्या अंगणातून, पत्र्यावर घण घातल्यासारखा आवाज आला आणि एक घोडा ओरडला.

ट्रेंट म्हणाला, "ते काय होतं?"

व्हर्ना उत्तर द्यायला थांबली नाही. खांद्यात लोखंड असलेली ती बाई उतारावरून पोरीसारखी धावत कुंपणाशी गेली, तोवर योस्ट पलीकडून चालत येत होता. तो नेहमीच्याच चालीनं येतोय हे बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"कुणाला लागलं?"

"घोड्यांच्या पाण्याच्या टाकीला. शिंगरू शेजारीच होतं. बायको नुकतीच बादली भरून आत गेली होती."

मागून ट्रेंट धापा टाकत आला. "मी नवी टाकी देतो. लगेच देतो. माझं कार्ड..."

"टाकीला ठिगळ लागेल," योस्ट म्हणाला. त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. "व्हर्ना, एल्वुडच्या गोळ्या मुक्या होत्या. पण तो मुका नव्हता. टेकडीवर बसायच्या आधी इथं कुंपणाशी येऊन सांगून जायचा."

लामारच्या दुकानात अंडं खाता खाता आपण हलवलेली मान व्हर्नाला आत्ता आठवली.

"सोमवारी घोडे जुंपायचे आहेत," योस्ट म्हणाला. "गवत माणसांसाठी थांबत नाही. बिळं रिकामी असली तर सकाळी मुलांना घेऊन बुजवीन आणि तुमच्याकडं सुरू करीन. आत एक जरी राहिलं तर रात्रीत परत उकरेल. मग मेहुण्याच्या रानात जाईन, आणि यंदा इकडं जमायचं नाही." त्यानं टोपीला हात लावला आणि तो निघून गेला.

उद्या रविवार. रविवारी या खोऱ्यात कुणी शिकार करत नाही. कायदाही नको म्हणायचा आणि शेजारीही. म्हणजे हातात उरली होती आजची संध्याकाळ.

"लामारकडं जा," व्हर्ना म्हणाली. "खालच्या फळीवरची धुळकट खोकी आण."

"त्यानं काय फरक..."

"जा म्हटलं ना!"

ट्रेंट गेला आणि हात हलवत परत आला. दुकान बंद होतं. विसरलीच होती ती. आज गावच्या आग विझवणाऱ्या पथकाची दरवर्षीची शिट्टीडुकराची स्पर्धा. खोऱ्यातली माणसं मारलेली जनावरं आणून तराजूत घालणार, सगळ्यात जड कुणाचं ते बघणार, कोंबडी भाजून खाणार. आणि तराजूशी खुर्ची टाकून बसणार लामार, तोही अंधार पडेपर्यंत.

व्हर्ना तळघरात गेली. पीचच्या बरण्यांमागं, वरच्या फळीवर, खारट बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. आत एल्वुडनं स्वतः भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, आणि भोकाभोकांत त्यानं त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात भरलेली काडतुसं. बोटं थरथरायला लागली होती तेव्हाची. दारूचं माप त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, लिहून ठेवणं तर दूरच. ही संपली की संपली. अधूनमधून ती येऊन झाकण उघडायची, तेलाचा आणि पितळेचा वास घ्यायची आणि झाकण लावायची. ती काडतुसं कुणाला द्यायची हे तिनं ठरवलं नव्हतं. कुणाला द्यायची नाहीत, ते मात्र पक्कं ठरवलं होतं.

लामारच्या दुकानात एक वाक्य बोलली असती तर डबा फळीवरच राहिला असता.

डबा काखेत मारून ती आधी कुंपणाशी गेली. "योस्ट, संध्याकाळी बसतोय," तिनं हाक मारून सांगितलं. "एल्वुडच्या आहेत." योस्टनं मान हलवली आणि घोडे कोठाराच्या पलीकडल्या बाजूला नेले.

टेकडीवर तिनं ट्रेंटला छत्री मिटायला लावली. यंत्रं पिशवीत घालायला लावली. टेबल राहू दिलं, कारण त्याच्याशिवाय त्याला बसता येईना.

"मारू ना आता?" ट्रेंटनं विचारलं. उतारावर दोन शिट्टीडुकरं चरत होती.

"नाही."

"का?"

"योस्टची पवनचक्की फिरतेय."

"हळूच तर फिरतेय. मी तेवढं बाजूला धरतो."

"सकाळी धरलं होतंस. घोड्यांना विचार."

तो खुर्चीत मागं टेकला. मग पाय हलवायला लागला. मग विचारलं, काका इथं तासन्‌तास करायचे काय? ती म्हणाली, काही नाही. त्याला ते खरं वाटेना. एवढा वेळ माणूस काही न करता बसू शकतो हे त्याला कुणी कधी सांगितलंच नसावं. पलीकडच्या घराच्या धुराड्यातून धूर वाकडा निघत होता. उन्हं उतरली, तसा धूर हळूहळू उभा झाला. पवनचक्कीची पाती एकदा करकरली आणि थांबली.

"आता," व्हर्ना म्हणाली.

बार झाला. समोर मातीत ओला धपका बसल्यासारखा आवाज आला आणि त्यापुढं काहीच नाही. ती कान देऊन बसली होती. कुंपणापलीकडं घोडा फुरफुरला, बस. शिट्टीडुक्कर जिथं उभं होतं तिथं नव्हतं.

"लागलं!" ट्रेंट ओरडला.

"ओरडू नकोस. दुसरं बाहेर येईल."

आलं. त्याच्यामागून आणखी दोन आली, खालच्या बांधावरून ते सकाळचं ढेरपोटं म्हातारंही आलं. दोन बार वाया गेले, तेही मुक्यानंच गेले. अंधार पडायच्या आत उतार रिकामा झाला. बार झाला की ट्रेंट रिकामं पितळ गवतात भिरकावत होता आणि प्रत्येक वेळी व्हर्ना वाकून, खांदा धरत, ते उचलून खिशात टाकत होती.

"काकू," दुर्बिणीवर झाकण लावत ट्रेंट म्हणाला, "वारा वाचणं महत्त्वाचं. मी म्हणत होतो ना?"

"म्हणत होतास."

"सकाळी फक्त हवा दमट होती. नाहीतर..." त्यानं डब्याकडं हात नेला. "उरलेल्या नेऊ का?"

व्हर्नानं झाकण लावलं. "रायफल ने. शब्द दिलाय तेवढीच ने. आणि ते म्हातारं नेऊन लामारच्या तराजूत घाल, जा. बक्षीस मिळालं तर फोटो काढून घे. घडी मोडली आता तुझ्या कपड्यांची."

"खरंच घेऊ रायफल?"

"घे रे. बशी भरलेली असताना मागितलीस, आता रिकाम्या पोटी घे."

हे त्याला कळलं नाही. गाडीचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले तरी ती ओसरीवर उभी होती. रायफल गेल्याचं दुःख होईल असं तिला वाटलं होतं. झालं ते डब्यातल्या रिकाम्या भोकांचं.

सोमवारी दंव वाळायच्या आत योस्ट मुलांना घेऊन आला. बिळं बुजवली, पायानं दाबली, आणि मग घोडे वरच्या रानात शिरले. नवी घोडी आधी बिचकली. योस्टनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि ती चालायला लागली. पहिली ओळ आडवी पडली तसा ताज्या गवताचा वास ओसरीपर्यंत आला. व्हर्ना परसात घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होती. घरात फोन वाजला.

"काकू! तुम्हांला सांगायचं राहिलं. गोष्ट लक्षात आली माझ्या. दोष गोळ्यांचा नव्हताच, नळीचा होता! पीळ फार कमी आहे तिला. मी शहरातल्या कारागिराकडं टाकलीय, जुनी नळी काढून नवी बसवतोय, घट्ट पिळाची. आता त्या जड गोळ्या अशा सरळ जातील बघा."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, म्हणतात. इथं सुंभाला धग लागायच्या आधीच त्यानं दुकानातून आणखी पीळ विकत आणला होता. व्हर्नानं खिडकीतून पाहिलं. योस्ट उताराच्या मध्यावर पोचला होता, आणि घोड्यांच्या पायांखाली जमीन भरीव होती.

"छान केलंस," ती म्हणाली. "पण पुन्हा इथं आणू नकोस ती. गाण्याची हौस शहरातच भागव."

"कसली गाण्याची हौस, काकू?"

"काही नाही रे. त्या कारागिराला सांग, जुनी नळी फेकू नको म्हणावं. टपालानं मला पाठवून दे."

"तिचा काय उपयोग? नुसतं लोखंड आहे."

"घेवड्याला एक काठी कमी पडतेय," व्हर्ना म्हणाली, आणि फोन ठेवून परसात गेली.